सान हुआनची मंडई आणि डिसेंबरचा खारा मासा

“ग्वेरा, काय देऊ?”

मेक्सिको सिटीतल्या सान हुआनच्या मंडईत पहिल्यांदा ही हाक आली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. ग्वेरा म्हणजे गोरी, आणि माझा रंग मालवणच्या उन्हात पक्का झालेला. मागे कोणीच नव्हतं. गाळेवाला मलाच विचारत होता. समोर आलेल्या बाईला गोरी म्हणायचं आणि चार फेऱ्या झाल्या की ‘मार्चांता’, असा इथला रिवाज. हा शब्द विकणाऱ्यालाही लागतो आणि घेणाऱ्यालाही. वजन झाल्यावर गाळेवाला चार ऑलिव्ह वर टाकतो, त्याला ‘पिलोन’ म्हणतात. म्हणजे आपला वर्ताळाच.

मी ज्याच्यासाठी गेले होते तो ओट्यावर आडवा पडला होता. पोटातून चिरून पंख्यासारखा उघडलेला, फळीसारखा कडक, अंगावर मिठाचे खडे, रंग जुन्या हस्तिदंताचा. बकालाओ. खारवून वाळवलेला कॉड. खाऱ्या बांगड्याच्या वासात वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही; परकी वाटते त्याची ऐट. बांगडा पावसाळ्यात, बाजारात ताजं काही नसताना, नाइलाजाने चुलीवर चढतो. हा चढतो वर्षातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाला, 24 डिसेंबरच्या रात्री, नोचेबुएनाला. इतर दिवशी तो गाळ्याच्या एका कोपऱ्यात असतो. डिसेंबर उजाडला की पुढे येऊन बसतो, आणि मंडईतला अर्धा व्यवहार त्याच्याभोवती फिरायला लागतो.

2025 मध्ये या मंडईला 70 वर्षं झाली. मंडई म्हणजे संस्था म्हणावी का, असं कोणी विचारेल. हिला घटना नाही, अध्यक्षांचं मनोगत नाही, स्मरणिका निघालेली मला तरी दिसली नाही. इमारत शहराची, आणि गाळेवाल्याकडे फक्त ‘सेदुला’ नावाचा परवाना. पण गाळे एकेका कुटुंबात राहतात, आणि गिऱ्हाइकंही पिढीजात असतात. तेव्हा संस्थाच म्हणू.

जागा मात्र 70 वर्षांहून फार जुनी. स्पॅनिश लोक येण्याआधी सरोवरातल्या तेनोच्तित्लान शहराचे चार भाग होते, त्यातला नैऋत्येचा मोयोत्लान. अर्थ, डासांची जागा. स्पॅनिश धर्मगुरूंनी त्याच्या नावाआधी सान हुआन जोडलं आणि डास मागे पडले. विजेत्यांनी मधलं शहर स्वतःला ठेवलं, स्थानिक लोक भोवतालच्या वस्त्यांत गेले, आणि सान हुआनला मोठा ‘तियांगिस’ म्हणजे उघड्यावरचा बाजार भरत राहिला. 19व्या शतकाच्या मध्याला तिथल्या चौकात इतुर्बिदे नावाची बांधीव मंडई झाली. ती पुरेना, विक्रेते पुन्हा गल्ल्यांत पसरले.

पुढचं पान सिगारेटचं आहे. एर्नेस्तो पुहिबेत हा फ्रेंच माणूस मेक्सिकोत आला आणि ‘एल बुएन तोनो’ हा देशातला बडा सिगारेट कारखाना त्याने याच भागात उभा केला. जाहिरातीचा त्याला विलक्षण नाद. तो गेल्यावरही कंपनीने ती खोड सोडली नाही. 1923 मध्ये तिने स्वतःचं रेडिओ केंद्रच काढलं. याच भागातल्या आयुन्तामिएंतो रस्त्यावरून पुढे ‘एक्स ई डब्ल्यू’ या केंद्राची गाणी अख्ख्या लॅटिन अमेरिकेत ऐकू जायची. कारखान्याची गोदामं होती त्या जागेवर 1955 मध्ये आजची मंडई आली. पत्ता अजून पुहिबेतच्याच नावाच्या रस्त्याचा.

तो काळ शहराचे कारभारी एर्नेस्तो उरुचुर्तू यांचा. 1952 ते 1966 अशी चौदा वर्षं त्यांनी राजधानी हाकली. रस्त्यावरचे विक्रेते उचलायचे आणि छपराखाली बसवायचे हा त्यांचा हट्ट. त्यांच्या काळात शंभरावर मंडया बांधल्या गेल्या, त्यात 1957 ची प्रचंड ला मेर्सेदही आली. मंडयांचे नियम 1951 मध्येच झाले होते. उरुचुर्तू लोकांना आवडत होते असं नाही. पण गाळ्यावर पाणी, नाली आणि छप्पर मिळालं ते त्यांच्या वेळी, हेही नोंदवायला हवं.

सान हुआन नावाच्या मंडया या भागात एकूण चार. एक फुलांची, एक हस्तकलेची, एक रोजच्या भाजीपाल्याची, आणि ही पुहिबेत रस्त्यावरची, जिथे परदेशी माल मिळतो. हिला असं वळण कसं लागलं? त्यासाठी ‘उल्त्रामारिनो’ हा शब्द ऐकायला हवा. समुद्रापलीकडचं, असा त्याचा अर्थ. मेक्सिकोत किराण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या स्पेनहून आलेल्यांच्या हातात होता. त्यांच्या दुकानांवर ही पाटी असे आणि आत ऑलिव्हचं तेल, केशर, डबाबंद मासळी आणि टांगलेला बकालाओ. मग स्पेनचं यादवी युद्ध झालं. 13 जून 1939 ला ‘सिनाइया’ हे जहाज सुमारे 1,600 निर्वासितांना घेऊन व्हेराक्रूसच्या बंदराला लागलं. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी दार उघडं ठेवलं होतं, त्यामुळे पुढेही जहाजं येत राहिली. प्राध्यापक, कवी, छापखानेवाले, डॉक्टर. माणूस देश सोडतो, पण जिभेला कोण समजावणार? त्यांना चणे हवे होते, हॅम हवा होता, चीज हवं होतं, आणि सणाला खारा कॉड. सान हुआन त्यांच्या पायाखालचा बाजार झाला. मागोमाग जवळच्या दोलोरेस गल्लीतले चिनी, मग परदेशी वकिलातींचे आचारी, मग हॉटेलांचे.

आता पदार्थाच्या नावाकडे येते. ‘बकालाओ आ ला विस्काईना’, म्हणजे विस्कायाच्या पद्धतीचा बकालाओ. विस्काया हा स्पेनच्या उत्तरेचा बास्क मुलूख, बिल्बाओ हे त्याचं मुख्य शहर. बास्क लोक 16व्या शतकात न्यूफाउंडलंडपर्यंत कॉड धरायला जात. मेक्सिकोतही ते व्यापारात पुढे होते. मंडईपासून थोडं चालत गेलं की लालसर दगडाची एक लांबच लांब इमारत लागते, ‘कोलेहिओ दे लास विस्काईनास’. तीन बास्क व्यापाऱ्यांनी अनाथ मुली आणि विधवांसाठी ती काढली. बांधकाम 1734 मध्ये सुरू झालं, पण दार उघडलं 1767 ला. मधला बराच काळ चर्चशी वाद घालण्यात गेला, कारण संस्थेवर चर्चचा ताबा नको यावर व्यापारी अडून बसले होते. शाळा आजही भरते. पदार्थ तिथल्या स्वयंपाकघरात जन्मला असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. पण ‘विस्काईना’ हा शब्द या पेठेत कुठून मुरला, ते त्या भिंतीकडे बघून समजतं.

बिल्बाओत एक कथा सांगतात. गुर्तुबाय नावाच्या व्यापाऱ्याने कॉडच्या ‘100 ओ 120’ नगांची मागणी तारेने पाठवली. स्पॅनिशमध्ये ‘ओ’ म्हणजे किंवा. पलीकडच्याने त्या ‘ओ’चं शून्य वाचलं आणि दहा लाखांवर मासे बंदरात येऊन पडले. व्यापारी डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात कार्लिस्ट युद्धात शहराला वेढा पडला, 1835-36 चे ते दिवस, आणि अख्खं बिल्बाओ त्या माशावर जगलं. कथा झकास आहे. अडचण एवढीच, की तेव्हा स्पेनमध्ये विजेची तारच पोचली नव्हती.

बास्क माणसाला मेक्सिकोतला विस्काईना दाखवला तर तो नाव परत मागेल. त्याच्याकडे माशाचे जाड तुकडे कातडीसकट ठेवतात, आणि वरचा लाल रस कांदा आणि ‘चोरिसेरो’ या वाळवलेल्या मिरचीचा. टोमॅटो घालावा की नाही यावर तिथे घरोघरी भांडणं आहेत. मेक्सिकोत भांडण नाही. इथे रस टोमॅटोचाच, मासा कुसकरलेला, त्यात बदाम, ऑलिव्ह, केपर, छोटे बटाटे, काही घरांत बेदाणेही, आणि वर व्हिनेगरमध्ये मुरवलेली पिवळी चिले ग्वेरो. होय, तीच ग्वेरा, गोरी मिरची. गंमत अशी, की बास्कांची ती मिरचीही मूळची याच खंडातली. मेक्सिकोने तिकडे मिरची पाठवली, तिकडून मिरचीच्या रसातला मासा आला, आणि इथल्या बायकांनी त्यात टोमॅटो ओतून तो आपला केला. मिरचीची दुसरी फेरी पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे झाली. मुंबईत तिला एके काळी ‘गोवाई मिरची’ म्हणत. गोव्यातल्या जुन्या कॅथलिक घरांत बाकाल्यावचं नाव अजून निघतं. पोर्तुगालमध्ये नाताळच्या आदल्या रात्री तो बटाटा आणि कोबीच्या पानांबरोबर नुसता उकडून खातात. मेक्सिकोच्या मानाने फारच सात्त्विक.

सणाला मासाच का? कारण तो उपासाचा दिवस होता. नाताळच्या आदल्या दिवशी कॅथलिकांना मांस वर्ज्य असे. समुद्रापासून लांब, उंच पठारावरच्या शहरात ताजा मासा पोचणं कठीण, खारा मात्र महिनोन्‌महिने टिकतो. कॉड टिकतो याचंही कारण आहे. त्याची चरबी यकृतात साठते, अंगात जवळजवळ नसते, म्हणून मीठ लावलं की तो खवट होत नाही. आपल्या बांगड्याच्या अंगात तेल भरपूर, म्हणून तो वास मारतो. 1966 मध्ये पोप पॉल सहावे यांनी उपासाचे नियम सैल केले. उपास गेला, मासा राहिला. प्रायश्चित्ताचं अन्न टर्कीपेक्षा महाग होऊन पंगतीच्या मध्यभागी आलं, आणि त्याबद्दल कोणाला काही वाटत नाही. आपल्याकडेही साबुदाण्याची खिचडी तूप आणि दाण्याच्या कुटाने अशीच उपासाच्या हातून निसटली आहे.

महाग म्हणजे किती? 2025 मध्ये मेक्सिकोतलं किमान वेतन दिवसाला 278.80 पेसो होतं. अस्सल नॉर्वेच्या बकालाओचा एक किलो त्यात बसत नव्हता. घेणारे तरी घेतात, अर्धा किलो, पाव किलो, बाकीचं बटाट्याने भरून काढतात.

या माशाची किंमत मंडईच्या हातात कधीच नव्हती, आणि मंडईची खरी कसोटी तिथेच लागली. आयातीवर कडक परवाने होते तो काळ मेक्सिको 1986 मध्ये गॅट करारात शिरल्यावर ओसरू लागला. त्याआधी 1985 च्या 19 सप्टेंबरला भूकंप झाला. शहराच्या मध्यभागाचा चुराडा झाला. याच भागातलं व्हिक्टोरिया रस्त्यावरचं टेलिफोन केंद्र पडलं आणि लांब पल्ल्याचे फोन बंद झाले. मंडई उभी राहिली. मग 1992 मध्ये कॅनडाने न्यूफाउंडलंडच्या कॉडवर बंदी घातली, कारण पाचशे वर्षं ओरबाडल्यावर तिथे मासाच उरला नव्हता. तेव्हापासून चांगला बकालाओ म्हणजे नॉर्वेचा, हे समीकरण आणखी घट्ट झालं.

पण सगळ्यात वाईट डिसेंबर 1994 चा. 20 तारखेला, नोचेबुएनाला चार दिवस असताना, सरकारने पेसोचं अवमूल्यन केलं. 22 तारखेला तो बाजाराच्या भरवशावर सोडून दिला. साडेतीन पेसोंच्या आतला डॉलर महिना संपता संपता पाचच्या वर गेला. लोक त्याला आजही ‘एरोर दे दिसिएंब्रे’ म्हणजे डिसेंबरची चूक म्हणतात. परदेशातून येणारा मासा विकणाऱ्याने त्या चार दिवसांत भाव कुठल्या हिशेबाने सांगायचा? जुन्या सांगितला तर पुढचा माल भरता येत नाही, नव्या सांगितला तर मार्चांता पाठ फिरवते. अशा वेळी संस्था म्हणजे काय ते कळतं. उधारीची वही असते, ओळख असते, अर्ध्या किलोच्या जागी पाव किलो बांधून देण्याची समज असते.

महागाईने आणखी एक जात पैदा केली, खोटा बकालाओ. शार्क, पाखट किंवा दुसरा कुठला तरी स्वस्त पांढरा मासा खारवायचा, कुसकरायचा आणि पिशवीत भरायचा. 1976 मध्ये सुरू झालेलं ‘प्रोफेको’ हे सरकारी ग्राहक खातं सणाच्या तोंडावर लोकांना सावध करतं. मंडईतला जाणता गाळेवाला आधी मासा उलटा करून कातडी दाखवतो. अख्खा, कातडी आणि शेपटीसकट घ्यावा, कुसकरलेला घेऊ नये. दुधासारखा पांढराफेक असेल तर संशय घ्यावा. मुरलेला कॉड पिवळट असतो. आणि शिजल्यावर कॉडच्या मोठ्या चकचकीत पाकळ्या सुटतात, शार्कचे दोरे निघतात. मधला जाड भाग, लोमो, सगळ्यात महाग. शेपटाकडचा स्वस्त. कुसकरूनच करायचं तर शेपटाकडचा घ्यायला काय हरकत आहे, असं एका गाळेवाल्यानेच मला सांगितलं. नफा बुडवणारा हा सल्ला ऐकून मी त्याची कायमची मार्चांता झाले.

माझा पहिला बकालाओ मात्र खाण्यालायक नव्हता. सुकट दोनदा धुऊन टाकणारी मी, हाही तसाच धुतला. पाण्यात सहा तास ठेवला आणि फोडणीला टाकला. वरच्या मजल्यावरच्या आजींना चव बघायला बोलावलं. त्यांनी एक घास घेतला, पाणी प्यायल्या, आणि शांतपणे म्हणाल्या, “मिहा, तू समुद्र शिजवलास.” मिहा म्हणजे पोरी. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला शेजारी उभं करून शिकवलं, ते असं.

मासा 22 ला सकाळी पाण्यात. मोठं पातेलं, कातडीची बाजू वर, म्हणजे मीठ खाली उतरतं. पातेलं फ्रीजमध्येच, बाहेर ठेवलं तर वास धरतो. दर सहा-आठ तासांनी पाणी बदलायचं, रात्री उठूनसुद्धा. दीड दिवस. मग मधल्या जाड भागातला तुकडा तोडून चाखायचा. समुद्राच्या पाण्यासारखा लागला तर आणखी एक पाणी, अश्रूसारखा लागला तर पुरे. ही परिमाणं आजींची. नंतर कमी पाण्यात जेमतेम उकळी, काटे काढून कुसकरणं, आणि हे काम घरातल्या सगळ्यांनी टेबलाभोवती बसून करायचं. बोटांना काटा लागतो, डोळ्यांना दिसत नाही.

ऑलिव्ह तेल हात सोडून. त्यात ठेचलेला लसूण, मग बारीक कांदा, तो लाल करायचा नाही, नुसता विरघळवायचा. मग टोमॅटो, इथे त्याला हितोमाते म्हणतात, किलोभर माशाला दोन किलो तरी. तो मंद आचेवर शिजत राहतो, शिंतोडे उडतात, ओटा लाल होतो, आणि तासाभराने कडेला तेल सुटतं. ‘तेल सुटेपर्यंत’ हे आपले शब्द आजींना समजावून सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली. त्याही त्याचीच वाट बघत होत्या. मग मासा, सोललेले बदाम, ऑलिव्ह, केपर, तमालपत्र, उकडलेले छोटे बटाटे, मूठभर पार्स्ली. मीठ नाही. शेवटपर्यंत नाही. मिरच्या सगळ्यात शेवटी, वर मांडायच्या, ढवळायच्या नाहीत.

ताटात शेजारी रोमेरितोस असतात, म्हणजे मोलेच्या रश्शात शिजवलेली कोवळी रानभाजी आणि सुक्या कोळंबीचे वडे. तो दुसरा खारवलेला जीव. मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला 2010 मध्ये युनेस्कोने मान दिला तो मका, घेवडा आणि मिरची यांच्या बळावर. आमच्या बकालाओत मक्याचा दाणा नाही. तो पावाशी खातात. तरी नोचेबुएनाच्या टेबलावर तो नसेल तर आजी जेवण झालं असं म्हणत नाहीत.

मंडईवर गेल्या काही वर्षांत नवी माणसं आली आहेत. सिंहाचं, मगरीचं मांस मिळतं म्हणून फोटो काढायला पर्यटक येतात, मुंग्यांची अंडी आणि नाकतोडे चाखतात, वाइनचा ग्लास हातात धरून चीज खातात. गाळेवाल्यांचं त्यावर चालतं, तक्रार कोणाची नाही. मला मात्र हॅम भरलेल्या बॅगेट पावासाठी लागलेल्या रांगेमागे मासळीचा ओटा दिसेनासा झालेला खटकतो. 2016 मध्ये शहर सरकारने इथल्या मंडयांतल्या परंपरांना अमूर्त वारसा जाहीर केलं. कागद चांगला आहे. डिसेंबर 2020 मध्ये कोविडमुळे 19 तारखेपासून शहर पुन्हा बंद झालं, तेव्हा मंडया अन्नाच्या म्हणून चालू राहिल्या. घरोघरी पंगत लहान होती, तेव्हा आजींनी पातेलं दोरीने माझ्या गॅलरीत सोडलं होतं.

मंडईपासून चालत जाता येईल अशा इंदेपेंदेन्सिया रस्त्यावर ‘ला तेस्कोकाना’ नावाचं तोर्ताचं, म्हणजे भरलेल्या पावाचं, छोटं दुकान 1936 पासून आहे. तिथे बकालाओची तोर्ता डिसेंबर नसतानाही मिळते. घरी मात्र ती 25 तारखेचीच. त्या दिवसाच्या जेवणाला ‘रेकालेंतादो’ म्हणतात, म्हणजे पुन्हा गरम केलेलं. तेलेरा पाव मधून चिरायचा, थोडा गर काढायचा, त्यात रात्रभर मुरलेला मासा भरायचा, वर एक ग्वेरो मिरची. आदल्या रात्रीपेक्षा हा घास सरस लागतो, यावर बास्क, मेक्सिकन आणि मालवणी अशा तिघांचंही एकमत आहे. म्हणून करायचा असेल तर 23 ला करा, 24 ला वाढा, आणि पाहुणे बसायच्या आधी एक वाडगा झाकून फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवा. पाव मात्र 25 च्या सकाळचाच आणा.